चमच्यांच्या खणात

युमामध्ये मे महिना संपता संपता
दाराची कडी हातमोजा घालून उघडावी लागते.
हार्लनने गॅस बंद केला, पाणी बंद केलं,
फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवलं,
आणि पाणी बंद आहे का ते बघायला पुन्हा आत गेला.
बुटांत झोपणारे विंचू मागे राहिले.
बिऱ्हाड आम्ही पाठीवर घेतलं.

एकतीस फुटांची गाडी आता मी चालवते,
त्याच्या डाव्या डोळ्यात धुकं उतरल्यापासून.
एकोणसत्तराव्या वर्षी रिव्हर्स शिकले
चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये,
दोन खुर्च्या पाडून, एक मोडून.
मागे उभा राहून तो म्हणायचा, "ये, ये, ये,"
आणि आवाज झाला की, "आलीस."

चाळीस वर्षं हा माणूस
लोकांच्या छपरांवर चढून थंडी दुरुस्त करत होता.
एकशे सतरा डिग्रीत, गुडघ्याखाली पुठ्ठा घेऊन.
मुलगी जन्मली त्या दुपारीसुद्धा.
फोन वाजला की शिडी निघायची,
आमच्या घरचा कूलर मात्र खडखडत राहायचा.
आता तोच उन्हाला पाठ दाखवून चाललाय,
हे त्याला बोचतं. बोलत नाही.
नुसता डॅशबोर्डवरचा आकडा वाचतो:
किंगमन, एकशे चार.
लास व्हेगस, न थांबता, एकशे नऊ.
एलीच्या चढावर अठ्ठ्याऐंशी.
रात्री तिथे खिडकी उघडली
तर दोघांच्याही अंगावर काटा.
हसत बसलो, ब्लँकेट कुठे ठेवलंय ते आठवेना.

चमच्यांच्या खणावरून आमचं भांडण जुनं आहे.
गाडीत जागा तळहाताएवढी,
त्यात काट्या-सुऱ्यांच्या मधोमध
हे तीन पत्र्याचे कपॅसिटर कशाला?
"असू दे," तो म्हणतो.
सात वर्षं असू दिलेत.

आयडाहोत, सॅमन गावाच्या नदीकाठी,
दरवर्षीचीच माणसं, दरवर्षीच्याच जागा.
कोण आलं नाही
ते कुणी मोठ्याने मोजत नाही.

जुलैत ऊन आमच्या मागोमाग आलं,
पत्ता विचारत विचारत आल्यासारखं.
पलीकडच्या डोंगरावरून धूर उतरला,
खिडक्या लावून घ्याव्या लागल्या,
आणि शुक्रवारी दुपारी
शेजारच्या ग्लेनिसचा एसी गप्प झाला.
तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी,
हातात बिस्किटांच्या खोक्याचं झाकण, वारा घ्यायला.
गावातला मेकॅनिक म्हणाला, मंगळवारी.

हार्लन उठला. चमच्यांचा खण उघडला.

मी शिडी धरली.
माझ्या डोळ्यांसमोर त्याचा घोटा,
घोट्यावर भाजल्याची एक खूण,
जी मी धुतली होती कधीतरी,
कुठे भाजलं ते न विचारता.
चाळीस वर्षांत
मी त्याला कामावर असताना पाहिलंच नव्हतं.

"आयडेला," वरून हाक आली,
"वर ये. रंग सांग."

मी चढले. कशी, ते विचारू नका.
"तपकिरी," मी म्हटलं. "ही जांभळी.
ही बहुतेक लाल, धूळ आहे."
तो बोटांनी काम करत होता, डोळे मिटून,
आणि बोटं चुकत नव्हती.

पंखा एकदा अडखळला, मग फिरला.
खाली ग्लेनिस काहीतरी ओरडली, ऐकू आलं नाही.
आम्ही लगेच उतरलो नाही.
नदी धुरात होती, छप्पर तव्यासारखं,
माझे गुडघे भाजत होते.
त्याने ते पाहिलं.
"पुढच्या वेळी," तो म्हणाला,
"पुठ्ठा दोघांसाठी आणू."